टोचून घ्यावे की न घ्यावे? : प्लेगच्या काळातला एक हिशेब

साथ येते, तिच्यावर लस निघते, आणि मग घराघरांत एक हिशेब सुरू होतो. आजार झाला तर काय होईल? टोचून घेतल्यावर काही झाले तर काय? पहिला धोका मोठा, पण तो येईलच असे नाही. दुसरा धोका लहान, पण तो आपण होऊन पत्करायचा. हा हिशेब करणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोनपैकी एक शिक्का मारण्याची पद्धत आहे. टोचून घेतले तर तो शहाणा, नाही घेतले तर अडाणी. तो मुसलमान असेल तर अडाणीपणाला धर्मवेडेपणाची जोडही मिळते. २०२१ साली कोविडच्या लशीच्या वेळी आम्ही हे पाहिले.

वास्तविक हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७च्या आरंभी त्यावरची लसही इथेच तयार झाली. पुढची दहाबारा वर्षे या शहरातल्या खोजांनी, मोमिनांनी, कोकणी मुसलमानांनी, तसेच हिंदू, पारशी आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांनी हाच हिशेब मांडला. कोणी पुढे होऊन टोचून घेतले, कोणी पळून गेले, कोणी दगड उचलले. त्या काळाकडे पाहताना आम्हाला असे दिसते की टोचून न घेणारेही आपल्या परीने तोलतच होते. त्यांच्या पारड्यात काय पडले होते, हे मात्र सरकारने कधी नीट पाहिले नाही.

तकदीर आणि तदबीर

आधी एका जुन्या घटनेची आठवण करून देणे आवश्यक वाटते. कारण लस नाकारताना ‘जे नशिबात आहे ते होईल’ हे वाक्य आपल्या समाजात हटकून ऐकू येते, आणि ते धर्माच्या नावाने सांगितले जाते.

हिजरी सन १८, म्हणजे इसवी सन ६३९च्या सुमारास, शाम देशात अमवासचा ताऊन पसरला होता. खलिफा हजरत उमर तिकडे निघाले होते. वाटेत सर्घ या ठिकाणी सेनापती अबू उबैदा त्यांना भेटले आणि साथीची बातमी कळली. हजरत उमरांनी एकट्याने निर्णय घेतला नाही. त्यांनी मुहाजिरांना बोलावून विचारले, नंतर अन्सारांना विचारले. दोन्हीकडे मतभेद निघाले. मग कुरैशच्या वृद्ध मंडळींना विचारले. त्यांनी एकमुखाने परत फिरण्याचा सल्ला दिला. अबू उबैदांना ते पटले नाही. अल्लाहने लिहिलेल्या तकदिरीपासून आपण पळता काय, असा त्यांचा सवाल होता. हजरत उमरांच्या उत्तराचा आशय असा की, आपण अल्लाहच्या एका तकदिरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदिरीकडे जात आहोत. त्यांनी दाखला दिला तो उंटांचा. एका खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर उंट कुठेही चारले तरी ते अल्लाहच्याच इच्छेने चरतील. पण शहाणा मेंढपाळ कोणती बाजू निवडील? तेवढ्यात अब्दुर्रहमान बिन औफ आले आणि त्यांनी पैगंबरसाहेबांची हदीस सांगितली. जिथे साथ आहे तिथे जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथेच ती आली तर तिथून पळून बाहेर पडू नका, असा तिचा अर्थ.

हजरत उमर मदिनेला परतले. अबू उबैदा आपल्या फौजेबरोबर शाममध्येच राहिले आणि त्याच साथीत वारले. इतिहासात दोघांचाही आदर आहे. परंतु एक गोष्ट स्पष्ट आहे. साथीच्या वेळी जोखीम तोलणे, लोकांना विचारणे आणि कमी धोक्याची बाजू निवडणे हे तवक्कुलच्या विरुद्ध आहे, असे आमच्या परंपरेने मानले नाही. तेव्हा या पारड्यातून धर्माचे वजन बाजूला काढून ठेवायला हरकत नाही. उरते ते माणसांचे आणि सरकारचे.

एक खोली, एक कारकून, तीन शिपाई

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी मुंबईतला पहिला प्लेगरुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे गोदीच्या मागचा, धान्याच्या वखारींचा आणि उंदरांचा मुलूख. गाठीचा प्लेग झालेल्या दहांपैकी सहासात माणसे दगावत. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर गाव गाठण्यासाठी बाहेर पडले.

सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना बोलावले. ओडेसात जन्मलेले हे ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले होते. १८९२ साली त्यांनी पटकीची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. त्यांनी प्लेगचे जंतू मांसरसात वाढवले, रसावर तुपाचे थेंब सोडले म्हणजे जंतूंची वाढ त्या थेंबांना धरून खाली लोंबत असे, आणि मग ते उष्णता देऊन मारले. मेलेल्या जंतूंचा हा रस म्हणजे लस. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे इतरांना दिली त्याहून मोठ्या मात्रेत. त्यांना ताप आला, हात दुखला, आणि ते बरे झाले.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या सुमारे दीडशे कैद्यांनी स्वेच्छेने टोचून घेतले. सुमारे पावणेदोनशे तसेच राहिले. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मेला कोणी नाही. पोर्तुगीजांच्या दमणमध्ये त्याच वर्षी मोठी साथ आली. तिथे टोचून घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ दगावले. न टोचलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२. म्हणजे एका बाजूला हजारी सोळा, दुसऱ्या बाजूला जवळजवळ चौथा हिस्सा.

यावर एक रास्त शंका निघते. टोचून घेणारे लोक अधिक खात्यापित्या घरचे, मोकळ्या जागेत राहणारे असतील, तर ते मुळातच कमी मरतील. त्यात लशीचे श्रेय किती? हाफकिन यांना ही शंका ठाऊक होती. बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावी फेब्रुवारी १८९८मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना टोचले आणि निम्म्यांना नाही. छप्पर तेच, चूल तीच, उंदीरही तेच. पुढे ज्या २८ घरांत प्लेग आला, त्या घरांत टोचलेली माणसे ७१ होती. त्यांपैकी ८ आजारी पडली, ३ मेली. न टोचलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ मेली.

आजच्या नैतिक कसोटीवर असा प्रयोग बसणार नाही. पण या आकड्यांनंतर लशीत अर्थ नाही असे म्हणणे शक्य राहिले नाही. प्रो. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्लेग आयोगानेही टोचणीने लागण आणि मृत्यू दोन्ही पुष्कळ कमी होतात, असा निर्वाळा दिला. त्याचबरोबर संरक्षण पूर्ण नसते आणि लशीची मात्रा नीट प्रमाणबद्ध नाही, हेही आयोगाने लिहिले. आकडे दोन्ही बाजूंचे होते, आणि ते छापले गेले होते.

खोजांचा हिशेब

या आकड्यांच्या आधी एका तरुण मुसलमानाने आपला निर्णय घेतला होता. तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह तेव्हा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचे होते. मुंबईतले खोजे इस्माइली त्यांना इमाम मानत. हे लोक व्यापारी, मांडवी-डोंगरीच्या दाट वस्तीत राहणारे, म्हणजे प्लेगच्या अगदी तोंडाशी. आगाखानांनी हाफकिन यांची लस स्वतःला टोचून घेतली. एकदा नव्हे, अनेकदा, आणि लोकांसमोर. आपल्या इमामाला काही झाले नाही हे अनुयायांनी डोळ्यांनी पाहावे, हा त्यामागचा हेतू त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवला आहे. प्रयोगशाळेसाठी त्यांनी माझगावातला आपला मोठा बंगला, खुश्रू लॉज, हाफकिन यांच्या हवाली केला. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्रयोगशाळा जाईपर्यंत पुष्कळ लस तिथेच झाली.

परिणाम काय झाला? १८९८च्या साथीत खोजा जमातीतल्या टोचलेल्या सुमारे ३,८०० जणांपैकी प्लेगने ३ मेले. न टोचलेल्या सुमारे ९,५०० जणांपैकी ७७. दोन्हींतला फरक दहापट.

यातून इमामाने सांगितले आणि भाबड्या अनुयायांनी ऐकले, एवढाच निष्कर्ष काढणे आम्हाला पुरेसे वाटत नाही. पाहा, इमाम असूनही निम्म्याहून अधिक खोजांनी त्या हंगामात टोचून घेतले नव्हते. तेही तोलत होते. ज्यांनी घेतले त्यांच्यापुढे तीन गोष्टी होत्या. सांगणारा माणूस आपला होता, तो स्वतः तीच जोखीम घेत होता, आणि लस घेण्यासाठी घरची अब्रू पणाला लावावी लागत नव्हती.

मदनपुऱ्याचे पारडे

तिसऱ्या गोष्टीचे वजन समजायचे असेल तर मदनपुऱ्याकडे वळावे लागेल. हे उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या जुलाहा, म्हणजे मोमीन विणकरांचे ठाणे. घरातच माग, घरातच संसार.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारच्या हाती अमर्याद अधिकार आले. घरझडती, काखेत आणि जांघेत गाठी तपासणे, रुग्णाला उचलून इस्पितळात नेणे, कुटुंबाला विलगीकरणाच्या छावणीत धाडणे, सामान जाळणे. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणेही सरकारने बंद केले. इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नसे, म्हणून इस्पितळातच मारतात अशी अफवा उठली. ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली होती. पुण्यात रँडसाहेबाच्या पथकांनी केलेल्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७च्या गोळीबारात झाला. तेव्हा या संतापाला एकच धर्म नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका विणकराच्या घरी आजारी मुलीला तपासून नेण्यासाठी पथक आले. घरच्यांनी नकार दिला, गर्दी जमली, दगड पडले, पोलिसांनी गोळीबार केला. दंगल शहरभर पसरली. दोन्ही बाजूंची माणसे मेली.

आता त्या विणकराच्या जागी बसून विचार करा. त्याला प्लेगची भीती नव्हती असे नाही. त्याच्याच गल्लीत माणसे मरत होती. पण त्याच्या दृष्टीने टोचणीची सुई, झडतीचे पथक, इस्पितळाची गाडी आणि पोलिसांची काठी ही सगळी एकाच सरकारची हत्यारे होती. लस सक्तीची नव्हती हे खरे, परंतु ती आणणारा हात तोच होता. शिवाय सुईचा रोकडा खर्च होता. टोचल्यावर ताप येई, हात सुजे. हातमागावर बसणाऱ्याचा हात दोन दिवस वर झाला नाही तर दोन दिवसांची रोजी गेली. संरक्षण कायमचे नाही, काही महिन्यांनी पुन्हा टोचायचे, पुन्हा ताप, पुन्हा खाडा. ही नुकसानभरपाई कोणी देत नव्हते. आकड्यांच्या हिशेबात त्याने चूकच केली असेल. तरी ती अंधश्रद्धेतून झाली असे म्हणणे अन्यायाचे आहे. लशीच्या पारड्यात सरकारने आपल्या वागणुकीचे ओझे टाकून ठेवले होते.

मलकवालची बाटली

तोवर लशीने कोणाचा जीव घेतल्याचे मोठे उदाहरण नव्हते. ते १९०२ साली घडले.

पंजाबात प्लेग भडकला होता आणि तिथल्या सरकारने लाखो लोकांना टोचण्याची मोहीम आखली होती. मागणी पुरी करण्यासाठी परळच्या प्रयोगशाळेत लस करण्याची पद्धत बदलावी लागली. लशीत कार्बोलिक अॅसिड घालणे बंद झाले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी गुजरात जिल्ह्यातल्या मलकवाल गावी १०७ जणांना टोचले गेले. त्यांपैकी एकाच बाटलीतून, ५३-एन या क्रमांकाच्या, टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला. १९च्या १९ मेले.

चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन निलंबित झाले आणि इंग्लंडला गेले. पण कागद बाहेर आले तेव्हा दुसरीच बाजू दिसली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्वाळेत धरण्याऐवजी नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून पुन्हा वापरला गेला. नियमाप्रमाणे बाटलीचा वास घेतला होता आणि तो स्वच्छ होता; आत धनुर्वाताचे जंतू आधीपासून वाढत असते तर घाण वास आल्याशिवाय राहिला नसता. जुलै १९०७मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. ते हिंदुस्थानात परत आले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ साली त्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले, ते आजही आहे.

हाफकिन यांच्यावरचा अन्याय सर्वांना कळतो. पण आम्हाला इथे मलकवालच्या शेजारच्या गावातला माणूस आठवतो. त्याने १९ प्रेते पाहिली किंवा त्यांच्याविषयी ऐकले. खरे कारण काय, हे त्याला पाच वर्षे कोणी सांगितले नाही. सांगितले ते चुकीचे. पंजाबातली मोहीम ठरल्याच्या मानाने अगदी थोड्या लोकांपर्यंत पोचली. आणि १९०७ या एकाच वर्षी पंजाबात प्लेगने सहा लाखांहून अधिक माणसे मेली. १९ आणि सहा लाख. हे दोन आकडे शेजारी ठेवले की जोखमीचे गणित उघड दिसते. तरीही त्या माणसाला १९च मोठे वाटले असतील. का?

दोन प्रकारचे पश्चात्ताप

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आणखी मागे, देवीच्या साथीकडे जावे लागते. जेन्नरच्या लशीआधी देवीच्या फोडाचा पू निरोगी माणसाला टोचून हलका आजार आणण्याची रीत होती. उस्मानी तुर्कस्तानात ती प्रचलित होती. इंग्रज वकिलाची पत्नी लेडी मेरी माँटेग्यू हिने १७१८ साली इस्तंबूलला आपल्या मुलाला तसे टोचवून घेतले आणि ती रीत इंग्लंडला नेली. १७२१ साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये देवी आल्या तेव्हा तिथल्या सुमारे ५,९०० लोकांना त्या झाल्या आणि ८४४ मेले, म्हणजे सातांत एक. टोचलेल्या सुमारे अडीचशेंपैकी ६ मेले, म्हणजे चाळिसांत एक. आजच्या कोणत्याही लशीशी तुलना केली तर हे प्रमाण भयंकर आहे. तरीही टोचून घेणे फायद्याचे होते.

बेंजामिन फ्रँकलिन हा त्याच बोस्टनचा. त्याचा चार वर्षांचा मुलगा १७३६ साली देवीने गेला. त्याला टोचलेले नव्हते. आयुष्याच्या उत्तरार्धात आत्मचरित्र लिहिताना फ्रँकलिनने आईबापांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवली. टोचल्यामुळे मूल गेले तर आपण स्वतःला माफ करणार नाही, म्हणून लोक टोचत नाहीत. पण न टोचल्यामुळे मूल गेले तरी पश्चात्ताप तसाच होतो, हे त्याने भोगून सांगितले. तेव्हा ज्यात धोका कमी तेच करावे, असे त्याचे म्हणणे.

मलकवालच्या माणसाचे कोडे इथे उलगडते. सुईने मरण आले तर ते आपण बोलावल्यासारखे वाटते. साथीने आले तर ते देवाने पाठवल्यासारखे. स्वतः केलेल्या गोष्टीचा दोष आपण घेतो, न केलेल्या गोष्टीचा तकदिरीवर टाकतो. हजरत उमरांनी नेमका हाच आडपडदा दूर केला होता. उजाड बाजूला उंट सोडणे हीसुद्धा निवडच, आणि तिचा जबाबदारही मेंढपाळच.

२०२१

आता अलीकडच्या काळाकडे. १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात कोविडची लस देणे सुरू झाले. बहुतेकांना मिळाली ती पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली कोविशिल्ड. हलाल-हरामचा प्रश्न निघाला खरा, पण जीव वाचवण्याची निकड असताना अशी लस घ्यायला हरकत नाही, असे संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेने डिसेंबर २०२०मध्येच सांगितले होते. नोव्हेंबर २०२१मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी मुस्लिमबहुल भागांत संकोच दिसतो असे म्हटले आणि सलमान खान व धर्मगुरूंची मदत घेऊ, असे जाहीर केले. आगाखानांची आठवण व्हावी, असा हा उपाय.

परंतु मदनपुराही आठवायला हवा होता. मार्च-एप्रिल २०२०मध्ये तबलिगी जमातीच्या निमित्ताने एका संपूर्ण समाजाला रोग पसरवणारा ठरवले गेले. फळे विकणाऱ्यांना गल्लीतून हाकलले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे निरीक्षण नोंदवले. निकाल आला, पण आधीचा मजकूर लोकांच्या मनातून पुसला गेला नाही. ज्याला कालपर्यंत रोगाचे वाहक म्हटले, त्याच्या दारात आज सुई घेऊन गेल्यावर तो दोन क्षण थबकला, तर नवल नाही.

लशीचा स्वतःचा धोकाही होता. अॅस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे आपल्याकडच्या कोविशिल्डच्या जातीच्या लशीने फार थोड्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा गंभीर विकार होतो, हे युरोपातल्या नियामकांनी एप्रिल २०२१मध्ये जाहीर केले. प्रमाण साधारण लाखात एक. केंब्रिज विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांनी तेव्हा वयाप्रमाणे हिशेब मांडला. साथ कमी असताना विशीतल्या एक लाख तरुणांना लस दिली, तर चार महिन्यांत ०.८ माणूस अतिदक्षता विभागात जाण्यापासून वाचतो आणि १.१ माणसाला गुठळ्यांचा अपाय होतो. साठीतल्यांमध्ये मात्र १४.१ वाचतात आणि अपाय ०.२ जणाला होतो. साथ जोरात असेल तर विशीतल्या तरुणांतही ६.९ वाचतात, अपाय तेवढाच, १.१. या हिशेबावरून ब्रिटनने आधी तिशीच्या आतल्यांना आणि मग चाळिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यायचे ठरवले.

हे आकडे आम्ही मुद्दाम दिले. ‘लस चांगली की वाईट’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते, हे त्यातून दिसते. वय किती, साथ किती जवळ आली आहे, दुसरी लस हाताशी आहे का, घरात म्हातारी माणसे आहेत का, यावर पारडे हलते. एप्रिल-मे २०२१मध्ये आपल्याकडे प्राणवायूसाठी रांगा लागल्या होत्या, त्या वेळी ते कुठे झुकत होते, याविषयी शंकेला फारशी जागा नाही.

दुर्दैव असे की हा दोन्ही बाजूंचा हिशेब आपल्या लोकांपर्यंत त्यांच्या भाषेत पोचला नाही. जाहिरातींत लस संपूर्ण निर्धोक होती, मोबाईलवरच्या निरोपांत ती वांझपणा आणणारी होती. मधले काही नव्हते. मग अॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात या दुर्मिळ विकाराची कबुली दिली, ती बातमी एप्रिल २०२४मध्ये इथे आली, आणि लाखो लोकांना वाटले की आपल्यापासून काही दडवले गेले. जे तीन वर्षांपूर्वी उघड छापले होते, ते त्यांना फसवणूक म्हणून कळले. त्या वेळेपर्यंत बहुतेकांचा धोक्याचा काळ कधीच सरला होता. हा विकार टोचल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. पण हे सांगणारा विश्वासाचा माणूस गल्लीत नव्हता.

पुढची साथ कधी येईल ते अल्लाह जाणे. ती येईल तेव्हा लशीची माहिती सांगणाऱ्यांनी मलकवालसुद्धा सांगावे आणि उंधेराही सांगावे. दोन्ही सांगितल्याने लोक बिथरतात, ही समजूत इतिहासाला धरून नाही. बिथरतात ते अर्धे सांगितल्यावर. आणि आमच्या समाजातल्या शिकलेल्यांनी, मशिदीतल्या इमामांनी, मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी हा हिशेब उर्दूत, मराठीत, दखनीत मांडण्याचे काम सरकारच्या पत्रकाची वाट न पाहता हाती घ्यावे. आपल्या वस्तीत साठीच्या पुढचे किती, मधुमेही किती, गरोदर बायका किती, टोचल्यावर दोन दिवस रोजी बुडणारे किती आणि त्यांची ती रोजी कोण भरून देणार, इथपासून त्या कामाला सुरुवात करता येईल. मदनपुऱ्यातल्या त्या विणकराकडे १८९८ साली असे विचारायला कोणी गेले नव्हते.